म्हाताऱ्या मांजराचे इन्सुलिन



आपल्या धर्मग्रामातील दोन कुटुंबांनी अलीकडे आम्हाला एकाच आजाराविषयी दोन उलट प्रश्न विचारले. दोन्ही घरांत दहा-बारा वर्षांचे मांजर आहे आणि दोघांनाही मधुमेह निघाला आहे. एका घरच्या आजी म्हणाल्या, "फादर, मुक्या जनावराच्या इन्सुलिनवर दर महिन्याला पैसे घालवणे पाप तर होत नाही ना?" दुसऱ्या घरच्या मुलाने विचारले, "एवढे सारे आम्हाला जमणार नाही. डॉक्टरांकडून त्याला कायमचे झोपवले तर पाप लागेल का?" दोघांनीही आवाज खाली आणूनच विचारले, कारण असल्या प्रश्नांना लोक हसतात. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला आम्ही ज्या प्रश्नांवर पाने भरली, त्यांतले बरेचसे यापेक्षा सोपे होते.

आधी आजार समजून घेऊ, कारण तो न समजता दिलेले उत्तर वाऱ्यावर जाते.

मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासारखा असतो. वाढते वय, सुटलेले अंग आणि दिवसभर बसून राहणे ही त्याची मोठी कारणे. नसबंदी झालेल्या बोक्यांत तो जास्त आढळतो. मांजर पाण्याच्या भांड्यापासून हलत नाही, ट्रेमधली रेती पूर्वीच्या दुप्पट भिजते, खाणे चांगले असते आणि तरीही पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. काही मांजरे मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागतात. पुष्कळ घरांत हे सारे 'म्हातारपण' म्हणून सोडून दिले जाते.

मांजर हा जातीचा मांसाहारी प्राणी. उंदरामागे धावण्यासाठी घडवलेला. त्याला आपण डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर आणले, नसबंदी केली (ती करावीच), कोरड्या बिस्किटांनी वाडगा भरून ठेवला आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये बसवले. वर दूध-चपाती. सगळे प्रेमाने दिले, यात शंका नाही. परंतु त्याचे अंग सुटले ते आपल्या घरच्या व्यवस्थेत. म्हणून 'जनावराचे नशीब' असे म्हणून हात झटकणे आम्हाला पटत नाही. ज्याला आपण परावलंबी केले, त्याच्या परावलंबनाची जबाबदारीही थोडीबहुत आपल्यावर येते.

बरे, घरी करायचे काय? दिवसातून दोन वेळा, साधारण बारा तासांच्या अंतराने, इन्सुलिन. खांद्याजवळची सैल कातडी चिमटीत धरायची आणि बारीक सुई टोचायची. मांजर समोरच्या वाटीत तोंड घालून बसलेले असेल तर पुष्कळदा त्याला कळतही नाही. खाण्यात पिष्ट कमी आणि प्रथिने जास्त. भात, चपाती, बिस्किटे हळूहळू बंद. मांजर जेवलेच नाही तर नेहमीचा डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना विचारायचे. दिला की नाही हे आठवत नसेल तर पुन्हा द्यायचा नाही; एक डोस चुकल्याने जेवढे बिघडते त्याहून कितीतरी जास्त दोनदा दिल्याने बिघडते. साखर एकदम उतरली की मांजर लटपटते, भ्रमिष्टासारखे वागते, झटके येतात. अशा वेळी मध किंवा साखरेचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे (घशात ओतू नये) आणि तडक दवाखाना गाठावा. मेथीचे पाणी, कारल्याचा रस किंवा घरातल्या माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या, यांतले काहीही मांजराला देऊ नये. अमेरिकेत २०२२ साली मांजरांसाठी तोंडावाटे द्यायच्या एका औषधाला मान्यता मिळाली. पण ते सर्व मांजरांना चालत नाही आणि तो निर्णय डॉक्टरांचाच.

ज्या घरात माणूसही इन्सुलिन घेतो, तिथे एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटलीत बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, तर ग्लार्जिनसारख्या इन्सुलिनमध्ये १००. सिरिंजही वेगळ्या: ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी नारिंगी टोपणाची. शंभराचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजने घेतले तर अडीचपट औषध अंगात जाते. मांजराचा सुरुवातीचा डोस बहुधा एक-दोन युनिटांचाच असतो, तेव्हा अडीचपट म्हणजे काय ते लक्षात यावे. फ्रीजमध्ये दोघांचे डबे निराळे ठेवा आणि त्यांवर नावे घाला.

डॉक्टरांकडे जाणेही सोपे नाही. जवळच्या दवाखान्यात काम भागले नाही की लोक परळ गाठतात. तेथील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय १८८३ सालचे. आपली जुनी माणसे त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले. परंतु कल्याणहून टोपलीत कोंबलेले मांजर गर्दीतून, गोंगाटातून तिथे पोहोचेपर्यंत भेदरलेले असते, आणि भेदरलेल्या मांजराची साखर भीतीनेच वर चढते. म्हणून निदान करताना डॉक्टर लघवीतली साखर पाहतात, मागच्या एक-दोन आठवड्यांचा अंदाज देणारी रक्ताची वेगळी तपासणी करतात, आणि नंतर घरच्या घरी कानाच्या कडेला टोचून साखर बघायला शिकवतात. माणसाचे ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा खरा आकडा थोडा कमी दाखवते, हे ध्यानात ठेवून. घरच्या सोप्यावर, ओळखीच्या मांडीवर मिळालेला आकडा जास्त खरा असतो.

आता प्रश्नाकडे. एवढा खटाटोप एका मांजरासाठी का करावा?

संत थॉमस अक्वायनस म्हणतात की जनावरांशी क्रूर वागू नये, कारण त्या सवयीने माणूस माणसांशीही क्रूर होतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याचेही म्हणणे जवळपास तेच, आणि त्याने उदाहरण घेतले ते म्हाताऱ्या कुत्र्याचे: ज्याने आयुष्यभर इमाने सेवा केली, त्याला काम होईनासे झाल्यावरही मरेपर्यंत सांभाळावे. हे खरे आहे, पण आमच्या मते अर्धेच खरे आहे. या विचारात जनावर हे माणसाच्या सद्गुणांचा सराव करण्याचे साधन ठरते. तहानेने पाण्याच्या भांड्यापाशी बसून राहिलेल्या मांजराची तहान त्याची स्वतःची असते. ती आपल्या सद्गुणासाठी लागलेली नसते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत (परिच्छेद २४१६) प्राणी परमेश्वराचे आहेत आणि आपण त्यांना दयाळूपणाचे देणे लागतो असे म्हटले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाऊदातो सी' या परिपत्रकात प्रत्येक जीवाला स्वतःचे मोल आहे, हे आणखी ठासून मांडले. देणे लागतो, हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

इन्सुलिनच्या बाबतीत तर हे देणे हिशेबाच्या वहीत दाखवता येईल. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी ज्यांच्यावर प्रयोग केले ती कुत्री होती. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला जो अर्क टोचला गेला, तो बैलाच्या स्वादुपिंडातून काढलेला होता. त्यानंतर सुमारे साठ वर्षे जगभरच्या मधुमेही माणसांना जगवणारे इन्सुलिन गाईबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडांतूनच मिळत राहिले. जीवाणूंकरवी बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले ते १९८२ नंतर. आणि मौज अशी की गाईचे इन्सुलिन आणि मांजराचे इन्सुलिन यांत फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे. जे औषध जनावरांच्या जीवावर माणसांपर्यंत आले, त्यातले दोन युनिट एका मांजराकडे परत गेले तर 'माणसांचे औषध जनावराला' अशी तक्रार करण्यापूर्वी थोडे थांबावे.

पण पैशाचा प्रश्न उरतोच. धर्मशिकवण (परिच्छेद २४१८) स्पष्ट सांगते की जो पैसा अग्रक्रमाने माणसांच्या दुःखनिवारणासाठी जायला हवा, तो जनावरांवर खर्च करणे योग्य नाही. आजींना त्यांच्या नातेवाइकांनी नेमके हेच ऐकवले होते. आम्ही आजींना विचारले, तुमचा कोणाचा घास यात तुटतो का? तेव्हा हळूच कळले की त्या स्वतःही मधुमेही आहेत. मांजराची साखर रोज पाहतात आणि स्वतःची महिन्यातून एकदा, कारण पट्ट्या महाग पडतात. इथे मात्र आम्ही आजींना ठाम नकार दिला. वाक्यातला 'माणूस' म्हणजे कळवा हॉस्पिटलच्या रांगेतला कोणी अनोळखी गरीबच असे नव्हे; तो कधी कधी स्वतःच्याच स्वयंपाकघरात असतो. त्यांच्या मांजराच्या डॉक्टरांनी तपासण्यांचे वेळापत्रक कमी केले आहे, आणि आजींची साखर आता दर आठवड्याला पाहायची असे मुला-सुनेच्या समक्ष ठरले.

नातेवाइकांनाही आमचे एक सांगणे आहे. बेथानी येथे मरियेने प्रभूच्या चरणांना मौल्यवान तेल लावले, तेव्हा हे विकून तीनशे दिनार गरिबांना का दिले नाहीत, असे विचारणारा यहूदा होता. मांजर म्हणजे प्रभू नव्हे, हे सांगायला नकोच. पण साखरपुड्याच्या हॉलचे भाडे भरताना ज्यांना गरीब आठवत नाहीत, त्यांना ते मांजराच्या सिरिंजपाशीच आठवावेत, हे जरा विचित्र आहे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२२ मध्ये मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांविषयी खंत व्यक्त केली होती, तीही अनेकदा चुकीच्या माणसांवर फेकली जाते. पाच नातवंडे वाढवलेल्या बाईला ती लागू नाही. पवित्र शास्त्रात नाथान संदेष्टा दावीद राजाला गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो. ती त्याच्या ताटात जेवायची, त्याच्या कुशीत झोपायची. राजाला ती माया हास्यास्पद वाटली नाही, तो संतापला तो कोकरी हिसकावणाऱ्यावर. (मांजराचा ओझरता उल्लेख बारूखच्या ग्रंथात आहे, तो काही कौतुकाचा नाही. मांजरांना त्याची पर्वा असेलसे वाटत नाही.)

आता त्या तरुणाचा प्रश्न. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभा दयामरण नाकारते. ती शिकवण जनावरांना लागू होत नाही. ज्या वेदनेवर उपाय उरलेला नाही, ती डॉक्टरांच्या हातून शांतपणे संपवणे पाप नाही. मात्र निदानाच्या दिवशीच हा निर्णय घेणे आम्हाला घाईचे वाटते. उपचार नीट झाले तर अशी मांजरे पुढे काही वर्षे आनंदाने जगू शकतात, आणि लवकर उपचार सुरू झालेल्या काहींचे इन्सुलिन सुटतेही. माणूस उद्याच्या आशेवर आजची सुई सोसतो. मांजराला उद्या ठाऊक नसतो. म्हणून त्याचा दिवस त्याच्याच मापाने मोजावा लागतो: ते खाते का, अंग चाटते का, उन्हाच्या पट्ट्यात जाऊन बसते का, हाक मारल्यावर कान हलवते का. हे चालू असेल तर त्याच्या दृष्टीने दिवस चांगला आहे, कंटाळा फक्त आपल्याला आलेला असतो.

सर्वांत वाईट मार्ग तिसराच, आणि तोच सर्वांत जास्त घरांत निवडला जातो: सुई नको, आणि मारायचे तर जीव होत नाही, म्हणून काहीच करायचे नाही. उपचार न मिळालेला मधुमेह मांजराला अलगद नेत नाही. रक्तात आम्ले साठतात, उलट्या होतात, अंगातले पाणी आटते, आणि मरण हालहाल होऊन येते. आपले हात स्वच्छ राहिले असे घरच्यांना वाटते, त्याची किंमत मांजर भरते.

त्या कुटुंबाची अडचण मात्र खरी आहे. नवरा-बायको दोघेही सकाळी साडेसहाला घर सोडतात आणि लोकलने परत यायला रात्रीचे आठ-साडेआठ होतात. मुलाची पाळी बदलती. बारा तासांचे गणित ठाणे-कल्याणच्या वेळापत्रकात बसवणे म्हणजे काय, हे ठरलेल्या वेळी प्रार्थना म्हणणाऱ्या आम्हा धर्मगुरूंना थोडेसे कळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तर चालते, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. संध्याकाळसाठी शेजारच्या काकू तयार झाल्या आहेत. एक महिना करून पाहायचे आणि मग पुन्हा बोलायचे, असे आम्ही त्यांना सुचवले. महिन्यानंतरही जमले नाही, तर जे ठरेल त्याला आम्ही पाप म्हणणार नाही.

यानिमित्ताने एक विनंती. आपल्या धर्मग्रामात निवृत्त परिचारिका आहेत, वर्षानुवर्षे स्वतःला इन्सुलिन टोचून घेणारेही पुष्कळ आहेत. ज्यांना सुई देता येते आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मोकळा आहे, त्यांनी आपले नाव, इमारत आणि सोयीची वेळ रविवारच्या मिस्सानंतर कार्यालयात लिहून द्यावी. यादी एकटे राहणाऱ्या मधुमेही वृद्धांसाठी आहे. मांजरासाठी जायची तयारी असेल तर तसे वेगळे लिहावे. ओरखड्यांची जबाबदारी कार्यालय घेणार नाही.