आधी ओळख

डेव्हिड रॉजर्स या अमेरिकी शिल्पकारानं 1994 पासून तिथल्या सार्वजनिक बागांमध्ये अवाढव्य किडे मांडले. सामान सगळं रानातलं. वठलेली झाडं, सुकलेल्या फांद्या, वाकवता येतील अशा काड्या. त्यातून पंचवीस फुटी मुंग्या झाल्या, चतुर झाला, खंडोबाचा किडाही झाला. एरवी मुंगी पायाखाली आली तरी आपल्याला कळत नाही. तीच डोक्यापेक्षा उंच झाली की माणूस थांबतो, तिच्याभोवती फिरतो आणि तिचे सहाही पाय शरीराच्या मधल्याच भागातून निघतात, हे त्याला पहिल्यांदा दिसतं.

असं थांबून पाहण्याची गरज आमच्या यवतमाळ जिल्ह्याइतकी क्वचितच कुठे असेल. इथल्या वावरात कपाशी आणि कपाशीवर कीड. किडा दिसला की हात फवारणीच्या पंपाकडे जातो. त्यात शेतकऱ्याचा दोष नाही, वर्षभराची कमाई त्या बोंडांत असते. पण 2017च्या हंगामात, डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती घरं आठवली की आजही गलबलून येतं. आणि पानावरचा प्रत्येक किडा वैरी नसतो. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सगळ्यांच्या ओळखीचा, मावा ही कीड खाणारा. त्याची अळी मात्र अगदी वेगळी दिसते. काळपट, खरबरीत, अंगावर नारिंगी ठिपके, जणू मगरीचं इवलंसं पिल्लू. तीही मावाच फस्त करते. पण तिचं रूप असं, की बिचारी शत्रू समजून मारली जाते.

म्हणूनच जाणती माणसं आधी वाकून बघतात. पाकळ्या न उमलता मिटून राहिलेली डोमकळी दिसली, तर आत गुलाबी बोंडअळी आहे हे ओळखून ती अळीसकट खुडून नष्ट करतात. वावरात बोंडअळीच्या पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की मग फवारणीचा विचार. तीन रात्री थांबायचं, रोज सकाळी मोजायचं! पीक डोळ्यांसमोर असताना एवढा धीर धरणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. घरातही हा धीर उपयोगी पडतो. मुलगा सकाळी शाळेला जायला कुरकुरतो, आपण लगेच रागावतो. जवळ बसून विचारलं, तर पोट दुखत असतं, नाहीतर वर्गात कुणीतरी चिडवलेलं असतं.

यवतमाळातही रॉजर्सच्या किड्यांसारख्या अवाढव्य किड्यांचं एखादं उद्यान व्हावं, असं मला मनापासून वाटतं. कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुऱ्हाट्या, बांबू, यांपैकी कशाचीच इथे वाण नाही आणि बांबू वाकवणारे हातही आहेत. मुलांनी ढालकिड्याच्या अळीखाली उभं राहून तिचे पाय मोजावेत. उद्यान होईल तेव्हा होईल. तोवर आज कामाला निघण्याआधी दारातल्या जास्वंदीचं एखादं पान उलटून बघा. मावा असेल, तर त्याच्या आसपास केसासारख्या बारीक देठांच्या टोकाला टेकलेली इवलीशी अंडी कधी कधी दिसतात. ती क्रायसोपा नावाच्या किड्याची. त्यांतून निघणाऱ्या अळ्या तो मावा खातात. पान पुसू नका, तसंच राहू द्या.