औषधाआधीची काळजी

घरी फुलपाखरांच्या अळ्या वाढवणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: आजारी अळीसाठी औषध जवळजवळ नसतंच. विषाणूची लागण झालेली अळी खाणं सोडते, मऊ पडते, काळवंडते. पुष्कळदा ती डहाळीच्या शेंड्याकडे चढते आणि तिथेच उलटी लोंबकळत मरते. आतून तिचं पाणी झालेलं असतं. कातडी फाटली की ते खालच्या पानांवर सांडतं आणि ती पानं खाणाऱ्या अळ्यांनाही लागण होते.

म्हणून कढीपत्त्यावरच्या अळ्या घरात आणल्या की माझा वेळ जातो तो साफसफाईत. विष्ठा रोज काढायची, पानं धुऊन कोरडी करून द्यायची, हवा खेळती ठेवायची, रिकामा डबा ब्लीचच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवायचा. एका डब्यात मोजक्याच अळ्या ठेवायच्या, कारण दाटी आणि ओल एकत्र आली की रोगाला वेळ लागत नाही. सुस्त अळी दिसताक्षणी वेगळी करायची.

त्याहून कठीण निर्णय रेशीमवाल्यांनी फार पूर्वी घेतला. १८६५ साली लुई पाश्चर फ्रान्समधल्या अलेसला रेशीमकिड्यांचा पेब्रीन रोग अभ्यासायला गेले. हा रोग आईकडून अंड्यांत उतरतो. त्यामुळे अंडी घातलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि तिच्यात रोगाचे कण दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची, हा उपाय त्यांनी रुजवला. रेशीम बीजकेंद्रांत आजही मादी तपासली जाते.

फुलपाखरांतही आईकडून रोग असाच उतरतो. अमेरिकेतल्या काही मोनार्क फुलपाखरांच्या अंगावर ओई नावाच्या परजीवीचे बीजाणू असतात. मादीच्या पोटावरून ते अंड्यांवर पडतात आणि अळी अंड्याचं कवच खाते तेव्हा तिच्या पोटात जातात. बाधित फुलपाखरू वरून धडधाकटही दिसू शकतं. ते मोकळं सोडलं की घरातला रोग रानात पोचतो.

एका जिवाची दया आणि सगळ्या जातीची काळजी इथे आमनेसामने येतात. मी दुसरीची बाजू घेतो. किती फुलपाखरं सोडली याचा हिशेब मला महत्त्वाचा वाटत नाही. घरात अळ्या कमी वाढवाव्यात आणि अंगणात लिंबू, कढीपत्ता, रुई जास्त लावावी. तिथे अळ्या पांगून वाढतात, आणि दाटीतून पसरणाऱ्या रोगाला तेवढी संधी कमी मिळते.