रिपोर्ट नॉर्मल, तरीही चक्कर



"फादर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले," हे आनंदाने सांगायचे वाक्य आहे. पण ज्याला महिनोन्महिने गरगरते, त्याला ते आरोपासारखे वाटते. घरचे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." हळूहळू तो स्वतःवरच संशय घेऊ लागतो.

जे यंत्रात दिसत नाही, ते खरे नसते काय?

आतला कान, डोळे आणि पाय यांच्याकडून येणाऱ्या संवेदना मेंदू जुळवतो, म्हणून आपला तोल राहतो. कधी कानाचे दुखणे बरे होते, पण मेंदूची धास्ती जात नाही. उभे राहिले, चालले, गर्दीत गेले की डोलल्यासारखे होते. तीन महिने वा अधिक टिकणाऱ्या अशा चक्करेचे निकष बारानी सोसायटी या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यांचा मुख्य आधार आहे रुग्णाचे सांगणे: कधी होते, किती वेळ राहते, कशाने वाढते. यंत्र गप्प असते, तेव्हा माणसाचा शब्द पुरावा होतो. योग्य व्यायामाने व औषधाने पुष्कळांना उतारही पडतो.

म्हणून चक्कर येणाऱ्यांनी हे सारे वहीत लिहून डॉक्टरांकडे न्यावे, लाजू नये.

आणि आपण? मिस्सेत सगळे उभे असताना कुणी बसून राहिले, तर आपण लगेच मनात निवाडा करतो. निदान करणे डॉक्टरांचे काम. विश्वास ठेवणे आपले. या आठवड्यात एकाला तरी "कसे वाटते?" असे विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू