गाठीवरचं तिकीट

जुन्या वस्तू जमवणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा, आणि तो मी बरीच वर्षं टाळत आलो. माझ्याकडे आहे ते इतर कुणाकडे नसावं, असं मला वाटतं का?

मी कापडाची जुनी तिकिटं जमवतो. गाठींवर, ताग्यांवर चिकटवलेली रंगीत छापील लेबलं. कुणी त्यांना टिका म्हणतं, कुणी छाप. भिवंडीत राहणाऱ्याला हा नाद लागणं अवघड नाही. एखादी पेढी बंद होते, कपाटं रिकामी होतात, जमाखर्चाच्या वह्या रद्दीत जातात आणि त्यांच्या पानांत दबलेलं एखादं तिकीट हाती लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टर आणि ग्लासगोचे व्यापारी कापडाबरोबर ही तिकिटं पाठवत. अक्षरओळख नसलेलं गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखायचं आणि दुकानदाराकडे वाघ छाप, हत्ती छाप मागायचं. मग वाघ-हत्तींबरोबर लक्ष्मी आली, राम आला, राजे आले. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे त्या घडणीची देवादिकांची चित्रं घरोघरी भिंतींवर गेली आणि कापडाच्या तिकिटांवरही.

माझ्याकडचं सगळ्यात लाडकं तिकीट बासरीवाल्या कृष्णाचं आहे. भिंगाखाली धरलं की त्याची निळाई एकसंध राहत नाही, बारीक ठिपक्यांत फुटते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि दगडावर ठिपका-ठिपका हाताने टिपलेला. मुकुटाची सोनेरी शाई अजून बोटाला उठावदार लागते. पाठीमागे वाळलेल्या खळीत कापडाच्या ताण्याबाण्याचा ठसा उमटला आहे. कापड केव्हाच विरलं असेल, वीण मात्र तिथे आहे. हे तिकीट हाती घेतलं की मला जो आनंद होतो, त्यात खोट नाही. पण त्या आनंदाला दुसरी एक गोष्ट चिकटलेली आहे, आणि ती मला नीट पाहायची आहे.

अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं जमवतात. तीही मुळात मालाबरोबर आलेली. सिगारेटचं पाकीट दबू नये म्हणून आत पुठ्ठा घालत. १८८०च्या दशकात त्यावर खेळाडूंची चित्रं छापू लागले. १९०९ ते १९११ दरम्यान निघालेल्या एका मालिकेत होनस वॅगनर या मोठ्या खेळाडूचं कार्ड होतं. त्याने ते थांबवायला लावलं. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू घेऊ नये म्हणून, असं सांगतात. मोबदल्यावरून बिनसलं, असंही सांगतात. थोडीच कार्डं बाहेर गेली होती. त्यांतलं एक २०२२ मध्ये साडेबाहत्तर लाख डॉलरला विकलं गेलं. त्याच महिन्यात मिकी मँटलच्या १९५२च्या कार्डाला एक कोटी सव्वीस लाख डॉलर आले. त्या १९५२च्या मालिकेतला न खपलेला साठा कंपनीने १९६० मध्ये बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये टाकला होता. हजारो कार्डं बुडाली, आणि राहिलेल्यांना हा भाव आला.

हे वाचलं आणि माझ्याच तिकिटांकडे पाहताना मन चरकलं. ती दुर्मिळ का झाली?

३१ जुलै १९२१ रोजी परळला एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींच्या हातून परदेशी कापडाची मोठी होळी झाली. पुढे गावोगावी होळ्या पेटल्या. कापडाबरोबर कितीतरी लक्ष्म्या आणि कृष्ण जळाले असतील. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी माल घेऊन निघालेल्या ट्रकसमोर बाबू गेनू आडवा झाला, आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणीत राबणारा तरुण. त्या दिवशी ट्रकमध्ये ज्या जातीचा माल होता, तशाच मालावरची तिकिटं मी प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवतो. ती सुंदर आहेत. ती आमिष म्हणून काढलेली होती, हेही तितकंच खरं. आपल्या माणसांची श्रद्धा ओळखून परक्या व्यापाऱ्याने ती गाठीवर डकवली होती. बाबू गेनूने काय नाकारलं हे मला ठाऊक आहे, आणि तरी जे जळालं त्यामुळे माझ्याकडचं मोलाचं झालं, याचा एक बारीक हिशेब माझ्या मनात चालतो. तो हिशेब मला आवडत नाही. पण तो आहे.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. बेसबॉलच्या कार्डावर खेळणाऱ्याचं नाव असतं, मागे त्याच्या धावांचा हिशेब असतो. माझ्या एकाही तिकिटावर विणणाऱ्याचं नाव नाही. मँचेस्टरच्या नाही आणि पुढे आपल्या गिरण्यांनी काढलेल्याही नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला, तेव्हा विणकाम मोठ्या प्रमाणात भिवंडीच्या मागांवर आलं. इथे विणलेल्या कापडावर गिरणीचा शिक्का बसला. संपातले किती तरी कामगार पुढे पोटासाठी इथल्याच यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या पाळीत उभे राहिले. आजही इथलं ग्रे कापड कोरंच बाहेर जातं. रंग, छपाई आणि नाव त्याला दुसरीकडे मिळतं.

माझ्या घरापर्यंत रात्रभर मागांचा आवाज येतो. त्या आवाजात बसून मी तिकिटं लावतो आणि ज्यांच्या हातचं काम चाललं आहे, त्यांतल्या कुणाचं काहीच जमवत नाही. याचं कारण मी स्वतःला विचारलं. चित्र माझ्याकडे काही मागत नाही, हे त्याचं उत्तर आहे. देव, राजा, वाघ शांतपणे पाकिटात राहतात. मजुरी, पाळी, कानात बसलेला खडखडाट, छातीत गेलेला कापसाचा भुगा हे पाकिटात मावत नाही, आणि त्याबद्दल मी काय करतो हा प्रश्न लगेच उभा राहतो.

आता मी ताग्यांची टोकं ठेवू लागलो आहे. त्यांवर पेन्सिलने मागाचा नंबर आणि मीटर लिहिलेले असतात, कामगाराची खूण असते. त्यावरून मजुरी धरतात. देणाऱ्याची हरकत नसेल तर शेजारी त्याचं नाव, गाव आणि किती वर्षं मागावर आहे ते लिहून ठेवतो. आझमगढ, पद्मशाली विणकरांचं तेलंगणातलं गाव, कोकणातलं गाव, असं काय काय त्यात येतं. पाहायला येणारे कृष्णावर थांबतात आणि ती पानं भराभर उलटतात. खरं सांगायचं तर मलाही ती टोकं पाहून तिकिटांइतका हर्ष होत नाही. तो व्हावा असं वाटतं, म्हणून ती वेगळ्या फाइलीत न ठेवता तिकिटांच्या मधेमधे लावली आहेत.