एक ज्योत, दोन प्रतिमा



दिव्य कुरआनच्या सूरह अल्-मुल्कमध्ये अल्लाह मानवाला आकाशाचे निरीक्षण करण्यास सांगतो. एकदा पाहून थांबू नका, पुन्हा दृष्टी टाका, असेही फर्मावतो. या दुसऱ्या दृष्टीचे मोल एका खगोलीय शोधातून उमगते.

1979 साली सप्तर्षी तारकासमूहात दोन क्वेसार अगदी शेजारी आढळले. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगेचे प्रखर केंद्र. दोहोंचे वर्णपट मात्र जणू एकच होते. पुढील वर्षी अधिक सूक्ष्म छायाचित्रे घेतली, तेव्हा एका प्रतिमेलगत मंद आकाशगंगा दिसली. ती आपल्या आणि क्वेसारच्या मध्ये उभी होती. क्वेसार एकच, तिच्या गुरुत्वाकर्षणाने वाकलेला त्याचा प्रकाश दोन वाटांनी येत होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शशिकुमार चित्रे, डी. नरसिंह आणि सहकाऱ्यांनीही या वाकण्याचे गणित मांडले. एका वाटेचा प्रकाश दुसरीहून सुमारे 417 दिवस उशिरा पोहोचतो, हेही पुढे सिद्ध झाले.

वाचकहो, विचार करा. दोन्ही किरण खरेच होते. मधला भार तेवढा दिसत नव्हता.

कन्हानकाठच्या खाप्यात असो वा नागपूर महानगरात, भावांच्या वाटणीचा तंटा, सासर-माहेरचे गाऱ्हाणे, मोबाइलवर फिरणारा संदेश यांची आपल्याला केवळ प्रतिमा दिसते. मध्ये कोणाचा राग, कोणाचा स्वार्थ, कोणाची जुनी जखम उभी असते. म्हणूनच सूरह अल्-हुजुरातमध्ये आज्ञा आहे की, दुराचारी माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करावी. नाहीतर अजाणतेपणी कोणाला इजा होईल आणि पश्चात्ताप पदरी येईल. खगोलशास्त्रज्ञाच्या घाईने ताऱ्याचे काही बिघडत नाही. आपल्या घाईने मात्र संसार मोडतो, निरपराध्याची अब्रू जाते.

हा भार आपल्या अंतःकरणातही असतो. आप्तांची माया साक्षीला वाकवते. सूरह अन्-निसा तर स्वतःच्या, आईवडिलांच्या व नातलगांच्या विरुद्ध जात असली तरी खरी साक्ष देण्यास सांगते. तेव्हा निवाड्यापूर्वी दुसऱ्या पक्षाचे ऐका, त्याला वेळ द्या. त्याचे सत्य कदाचित अजून वाटेत असेल.

अल्लाह आम्हांस पुन्हा पाहण्याचा संयम आणि न्याय्य बोलण्याचे धैर्य देवो. आमीन.