एकोणसाठ आणि त्रेपन्न

जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी काही महिने आठवड्यातून एकदा जात असे. काम म्हणाल तर वह्या तपासायला बाईंना हातभार लावायचा. एकदा तिसरीच्या वर्गात बाईंनी दहा संख्या तोंडी सांगितल्या आणि मुलांनी त्या अंकांत लिहिल्या. तपासताना दोन वह्या लागोपाठ हाताला आल्या. दोन्हींत दहापैकी सहा बरोबर. मुलीने एकोणतीसचे ३९ केले होते, एकोणपन्नासचे ५९, एकोणसाठचे ६९ आणि एकोणऐंशीचे ८९. बाकी सगळं चोख. मुलाच्या वहीत या चारही संख्या बरोबर होत्या. पण त्रेपन्नचे ३५, चोवीसचे ४२, बहात्तरचे २७ आणि सदुसष्टचे ७६ झाले होते.

साठ टक्के, म्हणजे दोघंही क-१ श्रेणीत. प्रगतिपुस्तकात ती शेजारी शेजारी बसतील. पण दुखणं किती वेगळं! ‘एकोण’ आलं की नऊ लिहायचा, हे मुलीला पक्कं ठाऊक आहे. पुढे ‘साठ’ ऐकू येतं म्हणून ती सहा लिहिते. एकोण म्हणजे एकाने उणे, साठाच्या एक घर अलीकडे, हे तिला कुणी दाखवलेलं नाही. मुलाला तेच नेमकं कळलंय. त्याची अडचण मराठीची आहे. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी उच्चारला जातो आणि पन्नास मागून येतो. हा ऐकेल त्या क्रमाने लिहितो. दोघांच्याही चुकांना नियम आहे. नियम चुकीचा, पण तो न चुकता पाळलेला. (२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘पन्नास तीन’ असं संख्यावाचन सुचवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. उपाय पटो न पटो, ज्या अडचणीवर तो सुचवला होता ती मी या मुलाच्या वहीत पाहत होतो.)

प्राथमिक शाळेतलं मूल्यमापन म्हणजे चुकलेलं उत्तर वाचता येणं, असं माझं मत आहे. बाकीचं सगळं त्यानंतर. गेल्या पंधरा वर्षांत आपण जी व्यवस्था उभी केली तिचा हेतू हाच होता, पण व्यवहारात तिने शिक्षकाची नजर मुलाच्या वहीवरून उचलून नोंदवहीवर नेऊन ठेवली.

हेतूबद्दल वाद नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमात भयमुक्त शिक्षण आणि मुलाच्या आकलनाचं सर्वंकष, सातत्यपूर्ण मूल्यमापन या दोन्ही गोष्टी आहेत. त्याला धरून महाराष्ट्राने ऑगस्ट २०१० मध्ये शासन निर्णय काढला. सत्र परीक्षेला ‘संकलित’ आणि वर्षभराच्या रोजच्या पाहणीला ‘आकारिक’ मूल्यमापन म्हटलं. पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७० टक्के ठेवला, तो वाढत्या इयत्तेबरोबर कमी होत जातो. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली. लहान मुलाला तीन तासांच्या पेपरने जोखू नये, हा विचार शहाणपणाचाच होता.

गोम त्या ७० मध्ये आहे. निरीक्षणाचे गुण ठरले, गुणांची बेरीज ठरली, बेरजेची श्रेणी ठरली. आणि जी पाहणी बाईंनी स्वतःसाठी करायची होती ती वर दाखवायची वस्तू झाली. दाखवायची वस्तू म्हटल्यावर ती नीटनेटकी हवी. वर्णनात्मक नोंदींच्या तयार याद्या मोबाइलवर फिरू लागल्या. ‘दोन अंकी संख्यांचे वाचन व लेखन करतो’, ‘उपक्रमात आवडीने सहभागी होते’. आमच्या त्या दोन मुलांच्या नावापुढेही या यादीतलं वाक्य सहज चिकटलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. शिक्षकांना यावरून कामचुकार म्हणणं सोपं आहे. दोन वर्ग एका खोलीत, वर पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती आणि मागाल ते अहवाल. त्यातून प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या नोंदी. मीही यादीच उतरवली असती.

पालकांना या नोंदी कळत नाहीत, त्यांना मार्क कळतात. ‘पोरगं आठवीत गेलं, पण धड वाचता येत नाही, नुसतं ढकलत आणलंय,’ ही गावोगावची तक्रार खरी आहे. तिच्या रेट्यानेच २०१९ मध्ये केंद्राने कायदा बदलून पाचवी-आठवीला मुलांना मागे ठेवायची मुभा राज्यांना दिली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून त्या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लावली. पण नापास हा शिक्का काय सांगतो? तीच पुस्तकं, तेच धडे पुन्हा एक वर्ष. ३५ आणि ५३ चा घोळ नेमका कुठे आहे हे कुणी न विचारता. ढकलणं आणि अडवणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत वही न उघडताच निर्णय होतो.

इस्रायलमध्ये रुथ बटलर यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फक्त गुण, दुसऱ्याला फक्त लेखी शेरा, तिसऱ्याला दोन्ही. ज्यांना नुसता शेरा मिळाला त्यांचं काम सुधारलं. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा लाभ झाला नाही. आकडा दिसला की मूल पुढचं वाचत नाही. खरं तर मोठी माणसंही वाचत नाहीत.

राज्याला, जिल्ह्याला मुलं कुठवर आली ते कळायला हवं, हे मान्यच. पण त्यासाठी नमुना पुरतो. २००५ पासून ‘असर’ची पाहणी घरोघरी जाऊन निवडक मुलांना एका कागदावरची अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला लावते आणि तेवढ्यावर जिल्ह्याचं चित्र मिळतं. राज्याची गरज अशी वेगळी भागवा आणि बाईंची नोंद बाईंकडेच राहू द्या. तिला गुण नकोत, ती कुणी तपासायलाही नको. ‘एकोणला अडते’, ‘उलट लिहितो’ एवढे दोन शब्द वहीच्या मागच्या पानावर पुरे. यात शिक्षकावर भरवसा टाकावा लागतो, तो कधी कधी वायाही जाईल. आत्ताच्या रकान्यांत तो वाया जातच नाही, कारण टाकलेलाच नाही.

त्या दिवशी बाईंनी मुलीला शंभर मण्यांची माळ दिली. साठाव्या मण्यावर बोट ठेवायला लावलं आणि एक मणी मागे यायला सांगितलं. मुलगी पाच-सहा वेळा मागेपुढे करत राहिली. मग सत्तरावर गेली, नव्वदावर गेली, प्रत्येक वेळी एक मणी मागे. शेवटी शंभराव्या मण्यावरून एक मागे आली आणि थबकली.

“मग बाई, ह्याला एकोणशंभर का नाही म्हणत?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं.