धूर मागं जातो

जुनी वस्तू वापरत राहणं म्हणजे अपरिग्रह, असं आपण सहसा धरून चालतो. नवं घेतलं नाही, म्हणून संग्रह वाढला नाही. संग्रह वाढला नाही, म्हणून आपण व्रताच्या वाटेवर आहोत. आजीचं तांब्याचं घंगाळ, पितळी डबे, सागवानी कपाट यांच्या बाबतीत हा हिशेब चोख बसतो. घंगाळ शंभर वर्षं वापरलं तरी शेजाऱ्याला त्याचा काही उपद्रव नाही. पण जुनी वस्तू डिझेलवर चालणारी असेल, तर तोच हिशेब अर्धा राहतो.

आमच्याकडे 1994 सालची महिंद्राची एमएम 540 जीप आहे. मामंजींनी शेतासाठी घेतलेली. 2112 सीसीचं, मूळ प्यूजो बनावटीचं डिझेल इंजिन, पुढंमागं पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर स्टिअरिंगचं नाव नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. आमची 2024 मध्ये चौथ्यांदा वाढवून झाली. चिखलात, उसाच्या सरीत, पावसाळ्यात ओढ्याच्या उतारावर हिच्याइतकी भरवशाची गाडी नाही. पण रोज चालवायची म्हटलं, म्हणजे डेअरी, पोरांची शाळा, बेळगावचा दवाखाना, परतताना रात्र, तर ती माणसाचा जीव काढते. खांदे भरून येतात, कान बधिर होतात, समोरून दिवा आला की रस्ता दिसत नाही.

‘विकून टाका आणि नवी घ्या’ म्हणणारे पुष्कळ. ‘जुनं ते सोनं, हात लावू नका’ म्हणणारेही तितकेच. दोघंही एकाच बाजूनं बघतात, मालकाच्या बाजूनं. एकाला मालकाच्या सुखाची काळजी, दुसऱ्याला मालकाच्या आठवणींची. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, मूर्च्छेवर केली आहे. ‘हे माझं’ अशी जी गुंगी चढते तो परिग्रह. त्या मापानं बघितलं तर तीस वर्षांच्या जीपचाही परिग्रह होऊ शकतो, नव्या गाडीपेक्षा जास्त होऊ शकतो. नव्या गाडीवर निदान कुणी कविता करत नाही.

मला या प्रश्नाचं दुसरं टोक दाखवलं ते आमच्या मेस्त्रीनं, आणि तेही नकळत. जीप चढाला दमते असं सांगितल्यावर तो म्हणाला, “वैनी, पंप थोडा वाढवून देतो. चोर्ला चढताना पिकप बघा मग.”

मी विचारलं, “धूर नाही का होणार?”

“होतोय की थोडा. पण तो मागं जातोय. तुम्हाला कुठं दिसणार हाय!”

माणूस भला आहे, कामाचा पक्का आहे. त्यानं मला फसवलं नाही, उलट गाडी कशी चालते हे अगदी खरं सांगितलं. पंप वाढवायचा म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त डिझेल सोडायचं. हवा आहे तेवढीच, तेव्हा जास्तीचं डिझेल पुरतं जळत नाही, काजळी होऊन बाहेर पडतं. माझ्या पायाखाली जी ताकद येते तिची किंमत मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत जमा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2012 मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातलं आहे. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. तंबाखू निदान ओढणारा स्वतः ओढतो.

आपल्या भागात मुनिसंघाचा विहार चालू असला की लोक मोठ्या भक्तीनं बरोबर चालतात. मुनिमहाराज वाहनात बसत नाहीत. चार हात पुढची जमीन बघत, जीव वाचवत पाऊल टाकायचं, ही ईर्यासमिती. पायी चालणाऱ्याचं पाऊल जिथं पडणार तिथंच हिंसा होण्याचा संभव, म्हणून नजर पुढं. गाडीवाल्याचं तसं नाही. त्याच्या हातून होणारी निम्मी हिंसा पाठीमागं होते, आणि त्या बाजूला आपल्याला डोळे नाहीत. मागचं बघायचा आरसा आहे, पण तो आपल्याला कुणी धडकू नये म्हणून बसवलेला.

श्रावकाला गाडीच नको असं शास्त्र म्हणत नाही. संकल्पानं केलेली हिंसा त्यानं सोडायची. घरसंसारात आणि उद्योगात जी घडते ती पुरती सुटत नाही, हे आपल्या आचार्यांनी मान्य केलं आहे. पण ‘पुरती सुटत नाही’ याचा अर्थ ‘चालायचंच’ असा होत नाही. हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद हा शब्द आहे. बेफिकिरीनं जे प्राण दुखावले जातात ती हिंसा. गळकं नोझल माहीत असून तसंच चालवणं हा प्रमाद. मग गाडी जुनी असो की नवी.

म्हणून जीप रोजच्या वापराची करायची ठरल्यावर कामांचा क्रम मी असा लावला: आधी मागच्यांसाठी, मग समोरच्यांसाठी, मग आत बसणाऱ्यांसाठी, आणि दिसण्यासाठी काही नाही.

मागच्यांसाठी म्हणजे धूर. धुराचा रंग बघून इंजिनचं दुखणं कळतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा येत राहिला तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय किंवा आत पाणी जातंय. आमचा काळा होता. नोझल काढून तपासून घेतले, पंप वाढवण्याऐवजी कंपनीच्या मापाला आणून बसवला, एअर फिल्टर आणि त्याचा तडकलेला पाइप बदलला, टॅपेट सेट केले. चढ चढताना जीप आजही दमते. तिथं मी गिअर खाली टाकते आणि दोन मिनिटं उशिरा पोचते.

समोरच्यांसाठी ब्रेक आणि दिवे. ड्रम घासून गोल करून घेतले, लायनर आणि सिलिंडर नवे घातले, त्यामुळं गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढत नाही. दिव्यांचं काम तर विचार करण्यासारखं आहे. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बारीक वायरीतून आणि स्विचमधून फिरून जातो, वाटेतच व्होल्टेज गळतं, दिवा मिणमिणतो. लोक यावर उपाय म्हणून जास्त वॅटचे बल्ब आणि टपावर दिव्यांची पट्टी लावतात. त्यानं आपल्याला दिसतं, समोरचा आंधळा होतो. रिले घालून बॅटरीतून सरळ वायर दिली की तोच बल्ब उजळ पडतो. मग झोत खाली करून घेतला की झालं. नवीन काही न वाढवता, जे वाया जात होतं तेवढंच वाचवलं. अपरिग्रहाचं इतकं साधं उदाहरण प्रवचनातही क्वचित मिळतं. दिव्यावर येणाऱ्या किड्यांचं काय, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: शक्य तेवढी कामं दिवसा उरकायची.

आत बसणाऱ्यांसाठी मागचे समोरासमोरचे बाक काढून पुढं तोंड असलेल्या सीटा आणि पट्टे बसवले, आरटीओत नोंद करून. फायरवॉलला जाड रबर लावलं, दाराला नवी बीडिंग, पाट्यांचे बुश बदलले. रुंद टायर मात्र घातले नाहीत. ते रुबाबदार दिसतात, पण स्टिअरिंग जड करतात आणि डिझेल जास्त पितात.

एवढं केल्यावर जीप निर्दोष झाली का? नाही. धूर तपासणीत बीएस-4 च्या आधीच्या डिझेल गाडीला 65 हार्ट्रिजपर्यंत मुभा आहे, बीएस-4 गाड्यांना 50. म्हणजे कायद्यानंसुद्धा तिला वयाची सवलत दिली आहे. 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत काजळी गाळून जाळणारी जी योजना असते ती हिच्यात बसणार नाही. तेव्हा कुणी म्हणेल, एवढी काळजी आहे तर विका. विकली तर ती दुसऱ्याच्या अंगणात जाईल, पंप वाढवला जाईल आणि धूर दुसऱ्या रस्त्यावर पडेल. माझं नाव निघेल, हिंसा निघणार नाही. आणि नवी गाडीसुद्धा लोखंड, कोळसा, पाणी खाऊनच जन्माला येते. ती आपल्या डोळ्यांआड खाते एवढंच.

इथं मला भोगोपभोगपरिमाण व्रत उपयोगी पडतं. एकदाच भोगून संपतो तो भोग, अन्नासारखा. पुन्हा पुन्हा वापरतो तो उपभोग, वस्त्र-वाहनासारखा. त्याचं माप आधीच ठरवायचं. हे ‘माझ्याकडे किती आहे’ याचं माप नाही, ‘मी किती वापरणार’ याचं आहे. जीप शेतावर, कच्च्या रस्त्यावर आणि जिथं चार माणसं व ओझं आहे तिथं. खडे बाजारात, गणपत गल्लीत जीप न्यायची नाही. तिथं बस किंवा पायी. शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून थांबायचं नाही. लहान मुलांचं नाक मोठ्यांपेक्षा सायलेन्सरच्या जवळ असतं.

रोजच्या वापराची गाडी करायची म्हणजे तिच्यात काय बसवायचं, असा प्रश्न सगळे विचारतात. ‘रोज’ म्हणजे किती, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तो सोडवला नाही तर पॉवर स्टिअरिंगनं गाडी हलकी होईल आणि आपण ती कोपऱ्यावरच्या दुकानाला कोथिंबीर आणायलाही काढू.

आणि शेवटची अट. नोझल, पंप, इंजिनकाम सगळं करूनही ज्या दिवशी धूर मापात राहणार नाही, त्या दिवशी ही जीप कुणाला विकायची नाही, ती मोडीत द्यायची. मामंजींची आहे हे कारण त्या दिवशी चालणार नाही. मी घरात हे आताच सांगून ठेवलं आहे, कारण मूर्च्छा चढल्यावर असे निर्णय होत नाहीत.